सहा वर्षांची इंग्लंडची राणी: तिच्या लग्नाच्या कराराबद्दल विचारायचं आहे

रावपुऱ्याची माई

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, राहते रावपुऱ्यात, चिमणाबाई टॉवरच्या मागच्या गल्लीत. शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. आम्हा बायकांचा एक छोटा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एक जण एखाद्या बाईच्या आयुष्यावर बोलते. मागे मी दोन्ही चिमणाबाईंवर बोलले होते. तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई १८८० साली सयाजीराव महाराजांशी लग्न होऊन चिमणाबाई झाली आणि १८८५ च्या मे महिन्यात क्षयाने गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवासहून घाटग्यांची गजराबाई आली, तिचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. त्या दिवशी बोलणं हळूहळू एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं: राजघराण्यात मुलगी देतात म्हणजे नक्की काय देतात आणि बदल्यात काय घेतात? ते डोक्यात राहिलं होतं, म्हणून या वेळी मुद्दाम फार लांबची राणी निवडली.

ती म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डची दुसरी बायको, फ्रान्सची इझाबेला. (दुसऱ्या एडवर्डची बायकोही फ्रान्सची इझाबेलाच, पण ती जवळजवळ शंभर वर्षं आधीची. गल्लत नको.) ही व्हालोआ घराण्यातली, सहाव्या चार्ल्सची मुलगी, जन्म ९ नोव्हेंबर १३८९ चा. बाप राजा खरा, पण १३९२ पासून त्याला वेडाचे झटके यायचे. कधी तो आपल्या माणसांना ओळखायचा नाही, पुढे पुढे तर आपण काचेचे आहोत, कुणी हात लावला तर फुटू, असं त्याला वाटायचं. ज्या घरातून ही पोर निघाली ते घर असं होतं.

इंग्लंडचे वकील तिला बघायला पॅरिसला गेले तेव्हाचा एक प्रसंग फ्रॉइसार या बखरकाराने लिहून ठेवला आहे. इंग्लंडचा अर्ल मार्शल टॉमस मोब्रे तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, देवाच्या मनात असेल तर तुम्ही आमच्या राणीसाहेब व्हाल. तिने आजूबाजूच्या कुणाकडेही न बघता उत्तर दिलं: देवाची आणि माझ्या वडिलांची इच्छा असेल तर मला आवडेल, कारण मग मी फार मोठी बाई होईन असं मला सांगितलंय. आणि हाताला धरून त्याला उठवून आईकडे घेऊन गेली. हे वाचताना मला आमच्या शाळेतल्या पहिलीच्या मुली आठवल्या. "मला सांगितलंय" हे त्या अगदी असंच म्हणतात. बखरकाराने बाकी कितीही मीठमसाला लावला असेल, हे वाक्य मला खरं वाटतं.

मार्च १३९६ मध्ये पॅरिसला नवरदेव हजर नसताना, त्याच्या वतीने दुसऱ्याला उभं करून लग्न लागलं. सोबत २८ वर्षांचा युद्धविराम ठरला. हुंडा ८ लाख फ्रँक: ३ लाख लग्नाच्या वेळी रोख, उरलेला दरवर्षी लाखाच्या हप्त्याने. ऑक्टोबरअखेर दोन्ही राजे कॅलेच्या जवळ मैदानात तंबू ठोकून भेटले आणि चार्ल्सने मुलगी रिचर्डच्या स्वाधीन केली. लँकेस्टर आणि ग्लॉस्टरच्या डचेसनी तिला मेण्यात बसवून कॅलेला नेलं. ४ नोव्हेंबरला तिथल्या सेंट निकोलस चर्चमध्ये लग्न झालं. नवरा २९ वर्षांचा, नवरीला सात पूर्ण व्हायला पाच दिवस कमी. लंडनमध्ये ती येताना बघायला एवढी गर्दी उसळली की लंडन ब्रिजवर माणसं चेंगरून मेली. जानेवारी १३९७ मध्ये राज्याभिषेक झाला.

तिला विंडसरला ठेवलं. रिचर्ड तिथे तिला भेटायला यायचा, भेटवस्तू आणायचा, आणि सगळ्या नोंदींवरून असं दिसतं की पोरीला त्याचा लळा लागला होता. १३९९ मध्ये आयर्लंडच्या मोहिमेवर निघताना त्याने तिला उचलून घेतलं आणि पुन्हा पुन्हा मुके घेतले. तुलाही मागाहून बोलावतो, असं सांगून गेला. ती नऊ वर्षांची होती. पुन्हा भेट झाली नाही. तो तिकडे असताना चुलत भाऊ हेन्री परत आला, गादी बळकावली, आणि फेब्रुवारी १४०० मध्ये रिचर्ड पाँटेफ्रॅक्टच्या किल्ल्यात कैदेत मेला. इझाबेला दहा वर्षांची विधवा.

मागच्या बैठकीत इथपर्यंत सांगून झालं आणि आमच्या गटातल्या सगळ्यात वडील आजींनी विचारलं, "मग पोरीला माहेरी धाडली असेल. हुंडा दिला का परत?" आणि लगेच दुसरं, "विधवा ना ती? मग पुढे दुसरं लग्न कसं काय लागलं?"

आजींना वरवरचं उत्तर द्यायचं नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. सहा वर्षांच्या मुलीचं हे लग्न त्यांच्या धर्मकायद्याने पुरतं लग्न होतं का? पैशाचं नेमकं काय झालं? आणि मूलबाळ नसलेल्या राजाने वारसाची निकड असताना एवढीशी मुलगी का करून घेतली?

आणखी एक, माझ्या मनातलं. नव्या राजाने, चौथ्या हेन्रीने, तिचं लग्न आपल्या थोरल्या मुलाशी लावायचं ठरवलं होतं आणि तिने नकार दिला. सगळीकडे हे एका ओळीत उरकतात. मला ती ओळ तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तुम्हाला काय वाटतं?

जुना वकील

माई, नमस्कार. सुरसागरासमोरच्या न्यायमंदिरात माझं बरंच आयुष्य गेलं, त्यामुळे कायद्याच्या बाजूने सांगतो.

मध्ययुगीन युरोपात लग्नाचा कायदा राजाच्या हातात नसायचा, चर्चच्या हातात असायचा. त्यात वयाच्या दोन पायऱ्या होत्या. सात वर्षांनंतर वाङ्निश्चय करता येई. लग्नाला खरी संमती द्यायचं वय मुलीचं १२ आणि मुलाचं १४. त्याआधी कितीही थाटात लग्न लावलं तरी त्या वयाला पोचल्यावर मुलगा किंवा मुलगी "मला हे मान्य नाही" म्हणून मोकळं होऊ शकत असे. म्हणजे इझाबेला राणी होती, तिच्या डोक्यावर मुकुट होता, पण चर्चच्या नजरेत ते लग्न अर्धंच बांधलेलं होतं. तिच्या बारा वर्षांची सगळे वाट बघत होते. रिचर्डही. हे लग्न शरीरसंबंधाने पुरं झालेलं नव्हतं यावर कुणाचं दुमत नाही.

इथे बडोदेकरांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा केला, त्यात मुलीचं किमान वय १२ आणि मुलाचं १६ धरलं होतं. मुलीचा आकडा तोच. फरक एवढा की चर्चच्या बारामध्ये मुलीच्या तोंडून हो किंवा नाही काढायची सोय होती, आणि महाराजांच्या बारामध्ये त्याआधी लग्न लावणाऱ्या आईबापाला दंड होता. आजींना हे नक्की सांगा, त्यांच्या आईच्या पिढीने हा कायदा घरात बघितला असेल.

आता पैसा. परत दिला नाही. फ्रान्सने मागितला, वारंवार मागितला. हेन्रीकडे मुळात तिजोरीत खडखडाट होता. त्याच्या बाजूने उत्तर असं निघालं की तुमचंच आमचं देणं आहे. १३५६ मध्ये प्वाटिएच्या लढाईत इंग्रजांनी फ्रान्सचा राजा जॉन याला पकडलं होतं, त्याच्या सुटकेची खंडणी ३० लाख सोन्याची नाणी ठरली, आणि त्यातली मोठी रक्कम कधी आलीच नाही. जॉन १३६४ मध्ये लंडनमध्येच वारला. हा जॉन म्हणजे इझाबेलाचा पणजोबा. पणजोबाच्या थकलेल्या खंडणीत पणतीचा हुंडा वळता करून घ्यायचा, असा हिशेब. दिवाणी दाव्यात असा प्रतिदावा मी पुष्कळ वेळा बघितला आहे. तो बहुधा पैसे न देण्यासाठीच उभा केलेला असतो.

मांडवीचा वाचक

माई, मी इथेच विद्यापीठात इतिहासात एम.ए. करतोय. रिचर्डने लहान मुलगी का केली, याबद्दल लिहितो.

त्याची पहिली बायको बोहेमियाची ॲन. १३८२ मध्ये लग्न झालं तेव्हा दोघंही पंधराच्या आसपास. तिने हुंडा आणला नाही, उलट रिचर्डनेच तिच्या भावाला मोठं कर्ज दिलं, म्हणून लोक सुरुवातीला कुरकुरले. पण दोघांचं फार जुळलं. बारा वर्षांत मूल झालं नाही. जून १३९४ मध्ये ती शीनच्या राजवाड्यात वारली तेव्हा रिचर्डने तो वाडाच पाडून टाकायचा हुकूम दिला. तिच्या अंत्यविधीला अर्ल ऑफ अरुंडेल उशिरा आला आणि लवकर जायची परवानगी मागू लागला, तर रिचर्डने भर वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला दंडुका हाणला. रक्त सांडलं म्हणून पुढचा विधी खोळंबला.

आणि हे लक्षात घ्या: १३९५ मध्ये त्याने स्वतःची आणि ॲनची जोडसमाधी बनवायला दिली. दोघांचे पुतळे, हातात हात घातलेले. म्हणजे इझाबेला यायच्या आधीच त्याची शेवटची जागा ॲनच्या शेजारी ठरलेली होती. अशा माणसाला सहा वर्षांची बायको अडचणीची वाटली नसावी, असं माझं मत. फ्रॉइसार सांगतो की कुणी वयाचा मुद्दा काढला तर रिचर्ड म्हणायचा, ती रोज मोठी होतेय, मी तरुण आहे, थांबू शकतो, आणि आपल्या मनासारखी तिला वळणही लावता येईल.

पण खरी गरज युद्धविरामाची होती. फ्रान्सशी लढाई १३३७ पासून चालू. प्रत्येक मोहिमेसाठी पार्लमेंटपुढे हात पसरायचे, आणि पार्लमेंट पैशाबरोबर अटी घालायचं. तह झाला की तो कटकटीतून सुटत होता, वर ३ लाख रोख हातात. त्याचा चुलता ग्लॉस्टरचा ड्यूक या तहाच्या पक्का विरोधात होता. १३९७ मध्ये रिचर्डने त्याला पकडून कॅलेला पाठवलं आणि तिथे त्याचा खून झाला. म्हणजे ज्या ग्लॉस्टरच्या डचेसने इझाबेलाला मेण्यात बसवलं, तिचा नवरा वर्षभराच्या आत त्याच कॅलेमध्ये मारला गेला.

किंमत मात्र जबर पडली. वारस निदान सात-आठ वर्षं लांबणीवर. १३९९ मध्ये रिचर्डला एखादा तीन-चार वर्षांचा मुलगा असता तर हेन्रीला गादी एवढ्या सहज मिळाली असती असं मला वाटत नाही.

अलकापुरीची लेक

माईताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्या बडोद्यातच असा नकार घडलेला आहे.

सयाजीराव महाराजांची आणि दुसऱ्या चिमणाबाईंची मुलगी इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी तिची सोयरीक ठरली. शिंद्यांना आधीची पत्नी होती, मूल नव्हतं, आणि ते इंदिराराजेंपेक्षा सोळा वर्षांनी मोठे. गायकवाड आणि शिंदे, दोन्ही मराठी घराणी, दोन्ही तोलामोलाची. कागदावर याहून चांगलं स्थळ नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची कोचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी गाठ पडली, आणि तिने आईबापांना न सांगता शिंद्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून लग्न मोडलं. घरच्यांना कळलं ते ग्वाल्हेरहून विचारणा करणारी तार आली तेव्हा. १९१३ मध्ये लंडनला कोचबिहारकरांशी लग्न झालं, त्याला महाराज आणि महाराणी दोघंही हजर नव्हते. आमच्या माहेरच्या वाड्यात ही गोष्ट बायका दबक्या आवाजात आणि अभिमानाने, दोन्ही प्रकारे सांगायच्या.

तर मुलीचा नकार एका ओळीत उरकायचा नसतो, यात मी तुमच्या बाजूला आहे. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. इंदिराराजे एकोणीस वर्षांची होती, शिकलेली, परदेश बघितलेली. इझाबेला दहा-अकराची, परक्या देशात, नवऱ्याच्या मारेकऱ्यांच्या ताब्यात. तिला नाही म्हणायला कुणी शिकवलं नसेल का? फ्रान्सला तर ती परत हवीच होती.

जुना वकील

ताईंचा मुद्दा बरोबर आहे. मी आणखी पुढे जाऊन म्हणतो, दहा वर्षांच्या अज्ञान मुलीच्या तोंडून आलेलं "नाही" हे पालकांचं "नाही" समजावं. फ्रान्सचा दरबार हेन्रीला राजा मानायलाच तयार नव्हता, बंडखोर म्हणत होता. त्याच्या घरात मुलगी देणं म्हणजे त्याला राजा म्हणून कबूल करणं. नकार फ्रान्सने दिला, तिच्या नावावर जमा झाला.

रावपुऱ्याची माई

वकीलकाका, मांडवीचे दादा, ताई, तिघांचे मनापासून आभार. खंडणी आणि हुंड्याचा हिशेब आजींना फार आवडेल, त्यांनी घरातल्या वाटण्यांमध्ये असले हिशेब बघितले आहेत. आणि १९०४ च्या कायद्यावरून तर माझं सगळं टिपण नव्याने लिहायला घेतलं आहे.

पण काका, नकाराबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. का, ते सविस्तर सांगते.

फ्रान्सला ती परत हवी होती, हे खरं. हेन्रीला सून म्हणून हवी होती, म्हणजे हुंडा परत द्यायचा प्रश्नच मिटला, हेही खरं. पण या दोघांच्या मध्ये जी मुलगी उभी होती तिच्याकडे बघा. हेन्रीने तिला विंडसरहून हलवून सॉनिंगला नेऊन ठेवलं. तिच्या नोकरांना हेन्रीची बिल्ले-चिन्हं लावायला दिली. जानेवारी १४०० मध्ये रिचर्डच्या बाजूच्या सरदारांनी बंड केलं तेव्हा केंटचा सरदार स्वार घेऊन सॉनिंगला आला. त्याने नोकरांच्या अंगावरची ती चिन्हं ओरबाडून फेकली आणि सांगितलं की हेन्री पळालाय, रिचर्ड सुटलाय, लाखभर माणसं घेऊन येतोय. दहा वर्षांच्या मुलीने हे ऐकलं. किती आनंद झाला असेल! थोड्याच दिवसांत ते सरदार सायरेन्सेस्टरला लोकांच्या हाती सापडले आणि मारले गेले. आणि त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात रिचर्ड मेल्याची बातमी. प्रेत लंडनला आणून सेंट पॉल्समध्ये तोंड उघडं ठेवून लोकांना दाखवलं, का, तर तो मेला यावर सगळ्यांचा विश्वास बसावा म्हणून. ही बातमी तिच्यापर्यंत कशी, कुणी पोचवली असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता त्याच माणसाने म्हणायचं, माझ्या मुलाशी लग्न कर. त्या घरात तिच्याजवळ बापाचं माणूस कोण होतं? तिची फ्रेंच देखरेखीण खर्चिक म्हणून रिचर्डनेच आयर्लंडला जाण्याआधी काढून टाकलेली. हेन्रीने मनात आणलं असतं तर अकरा वर्षांच्या पोरीला धाकदपटशाने, लालूच दाखवून, गोड बोलून "हो" म्हणायला लावणं अवघड नव्हतं. मी इतकी वर्षं त्या वयाच्या मुलींना शिकवलं आहे. मोठ्यांना काय ऐकायचंय ते त्यांना बरोबर कळतं, आणि बहुतेक जणी तेच म्हणतात. हिने म्हटलं नाही. काळे कपडे घालून राहिली. दरबाराला नकार सोयीचा होता म्हणून तो तिचा नव्हता, असं कसं म्हणायचं? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि काका, तुमच्याच कायद्यात याचं उत्तर आहे. तुम्ही म्हणालात की चर्चच्या बारामध्ये मुलीच्या तोंडून हो किंवा नाही काढायची सोय होती. म्हणजे त्या काळच्या माणसांनाही मुलीचं तोंडचं उत्तर लागत होतं. फक्त बापाचंच चालत असतं तर हेन्रीने तिला विचारलंच नसतं.

तिच्या परत जाण्याचं वर्णन वाचलं का? १४०१ च्या जुलैअखेर कॅलेजवळ तिला फ्रेंचांच्या हाती सोपवली. सोपवणारा टॉमस पर्सी, तिच्याच लग्नात राबलेल्या पिढीतला इंग्रज सरदार, रडत होता, तिच्या इंग्रज बायका रडत होत्या. बारावं पूर्ण व्हायला तीन महिने उरले होते.

माहेरी गेली त्यानंतर तीन महिन्यांत तिला आणखी एक बहीण झाली, कॅथरीन. १४२० मध्ये याच कॅथरीनचं लग्न पाचव्या हेन्रीशी झालं. म्हणजे इझाबेलाने ज्या मुलाला नाही म्हटलं, त्याच मुलाशी. थोरलीने नाकारलेलं स्थळ धाकटीला दिलं, मध्ये ॲजिनकोर्टची लढाई आणि हजारो मुडदे. मला हे वाचून हात थांबवून बसावंसं वाटलं.

आजींच्या दुसऱ्या प्रश्नाचं, विधवेच्या लग्नाचं, मला स्वतःला सापडलेलं उत्तर लिहिते, चुकत असेल तर सांगा. त्यांच्याकडे राजघराण्यातल्या विधवेचं पुन्हा लग्न लावायला धर्माची आडकाठी नव्हती. उलट ती पुन्हा देण्याजोगी ठेव. १४०६ च्या जूनमध्ये काँपिएन्न इथे तिचं लग्न चुलतभावाशी लावलं, ऑर्लियन्सच्या ड्यूकचा मुलगा चार्ल्स. ती सोळा, तो अकरा. या वेळी वयाचं पारडं उलटं. लग्नात ती रडली असं बखरी सांगतात. राणीपद गेलं म्हणून, की एवढ्याशा मुलाच्या गळ्यात बांधली म्हणून, ते ज्याने त्याने ठरवावं. सप्टेंबर १४०९ मध्ये ब्ल्वाला तिला मुलगी झाली आणि काही दिवसांतच ती गेली. वय १९.

अलकापुरीची लेक

माईताई, पटलं. "दोन्ही एकाच वेळी खरं" हे मी लक्षात ठेवीन. इंदिराराजेंच्या बाबतीतही जितेंद्र नारायणांवरचं प्रेम आणि सवतीवर जायची नावड, दोन्ही होतंच की.

तिची मुलगी जगली का?

मांडवीचा वाचक

जगली. नाव जान. पुढे आलांसोंच्या ड्यूकशी तिचं लग्न झालं, पण १४३२ मध्ये तीही तरुणपणीच वारली. नवरा चार्ल्स ॲजिनकोर्टच्या लढाईत १४१५ मध्ये पकडला गेला आणि १४४० पर्यंत इंग्लंडमध्ये कैदेत होता. फ्रेंच भाषेतला मोठा कवी म्हणून आज त्याचं नाव आहे. काय योग बघा, इझाबेलाचा पहिला नवरा इंग्लंडचा राजा आणि दुसरा इंग्लंडचा कैदी.

रिचर्डबद्दलही एक राहिलं. हेन्रीने त्याला गुपचूप किंग्ज लँग्लीला पुरलं होतं. १४१३ मध्ये पाचव्या हेन्रीने गादीवर येताच त्याला वेस्टमिन्स्टरला आणून ॲनच्या शेजारी ठेवलं, त्याच हातात हात घातलेल्या पुतळ्यांखाली.

जुना वकील

माई, तुमचा युक्तिवाद ऐकून घेतला. संमती विचारली गेली म्हणजे ती कायद्याला हवी होती, हा मुद्दा मला खोडता येत नाही. मान्य.

पैशाबाबत आजींसाठी आणखी एक गोष्ट जोडा. माहेरहून आलेला पैसा हा एक हिशेब, आणि विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीतून मिळायचा हिस्सा हा वेगळा. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात नवरा मेला तेव्हा बायकोने नववं वर्ष ओलांडलेलं असेल तर तो हिस्सा मागायचा तिला हक्क होता. चर्च बारा म्हणत होतं, जमिनीचा कायदा नऊ. इझाबेला तेव्हा दहा वर्षांची होती. म्हणजे साध्या जमीनदाराची बायको असती तर तिला दावा लावता आला असता. पण ती होती पदच्युत राजाची राणी, आणि देणारा हात त्याला पदच्युत करणाऱ्याचा. माहेरचा पैसा गेला, सासरचाही मिळाला नाही.

रावपुऱ्याची माई

काका, हे नऊ आणि बाराचं मला कुठेच सापडलं नव्हतं. आजींच्या प्रश्नाचं उत्तर आता पुरं झालं. पुढची बैठक आमच्याच घरी आहे. ताई, तुम्ही अलकापुरीत म्हणजे हाकेच्या अंतरावर, जमलं तर या, आणि इंदिराराजेंवर तुम्हीच बोला. तुमच्या माहेरच्या वाड्यात बायका ती गोष्ट कशी सांगायच्या ते सगळ्यांना ऐकायचं आहे.